गुण यावयास लागणारा काळ

औषधाचा गुण केव्हा यावा याविषयी आपल्या समाजात एक ठरलेली कल्पना आहे. हिवतापावरचे औषध घेतले की तीन-चार दिवसांत ताप हटावा, डोकेदुखीच्या गोळीने अर्ध्या तासात उतार पडावा, आणि आठ दिवस काढा घेऊनही बरे वाटत नसेल तर वैद्य बदलावा, असे घरातील वडील मंडळी सांगत आली आहेत. ‘हातगुण’ हा शब्द याच कल्पनेतून आला. तीत रोगी हाच औषधाचा परीक्षक असतो. त्याला बरे वाटले म्हणजे औषध लागू पडले.

रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या औषधांनी ही सारी समजूत उलटीपालटी करून टाकली. ज्याला ही गोळी द्यावयाची त्याला बहुधा काहीच होत नसते. गोळी घेतल्यावरही त्याला काही वाटत नाही आणि सोडल्यावरही वाटत नाही. तेव्हा ‘ही गोळी काम करावयास किती दिवस लागतात?’ या साध्या प्रश्नाला एक उत्तर उरत नाही, दोन होतात. एक आठवड्यांत मोजावयाचे, दुसरे वर्षांत. पहिले उत्तर प्रयोगशाळेच्या कागदावर मिळते. दुसरे कोणत्याही एका रोग्याला स्वतःपुरते कधीच मिळत नाही. ते हजारो माणसांच्या मृत्यूंची मोजदाद करूनच काढावे लागते. ही दोन उत्तरे वेगळी आहेत, आणि पहिल्यावरून दुसरे गृहीत धरता येत नाही, हे उमगण्यास वैद्यकशास्त्राला सुमारे चाळीस वर्षे लागली. त्या चाळीस वर्षांचा वृत्तांत येथे देण्याचा आमचा विचार आहे.

कोलेस्टेरॉल हा पदार्थ प्रथम सापडला तो हृदयात नव्हे, पित्ताशयातील खड्यांत. अठराव्या शतकात फ्रेंच रसायनज्ञांनी तो तेथून वेगळा काढला आणि १८१५ च्या सुमारास शेव्हरल याने त्याला ग्रीक भाषेतील पित्त व घन या अर्थांच्या शब्दांवरून नाव दिले. पुढे शंभर वर्षे तो रसायनशाळेतच राहिला. १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह व त्याचा सहकारी खालातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांच्या आतल्या अंगास मेदाचे थर बसलेले दाखवून दिले. परंतु ससा हा शाकाहारी प्राणी, त्याच्या पोटात असला पदार्थ घातल्यावर काही विपरीत होणारच, असे म्हणून बहुतेकांनी त्या प्रयोगाकडे पाठ फिरविली.

माणसाविषयीचा पुरावा दुसऱ्या महायुद्धानंतर जमू लागला. १९४८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात फ्रॅमिंगहॅम या लहानशा गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यास आरंभ झाला. ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल अधिक त्यांना हृदयविकार अधिक, हे या नोंदीवरून १९६० च्या आगेमागे स्पष्ट झाले. तरी शंकेला जागा होतीच, आणि त्यातील एक शंका आपल्याकडून गेली होती. मुंबईस पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेले डॉ. मल्होत्रा यांनी १९६७ साली एका ब्रिटिश नियतकालिकात रेल्वे नोकरांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिणेकडील नोकरांत हा विकार पंजाबी नोकरांच्या सुमारे सातपट आढळला. आणि गंमत अशी की दूधतुपाचा मेद खाण्यात पंजाबी मंडळी कितीतरी पटींनी पुढे होती! सरकारी दप्तरातील आकडे नीट वाचले तर ते पंडितांनाही विचारात पाडतात, याचा हा एक नमुना. खाण्यातील मेद आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांचे नाते वाटले तितके सरळ नाही, कारण शरीरातील कोलेस्टेरॉलचा बराच मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते. औषधाचा विचार पुढे आला तो यामुळेच. बाहेरून येणारे थांबवून भागत नसेल तर आत तयार होणारे थांबवावे.

पहिली औषधे मात्र विशेष विचारपूर्वक आली असे म्हणता येत नाही. १९५५ साली कॅनडात निकोटिनिक आम्ल, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक, मोठ्या मात्रेत दिल्यास कोलेस्टेरॉल उतरते असे दिसून आले. ते घेणाऱ्याचा चेहरा लालबुंद होऊन अंगाची आग होई. त्यानंतर १९६० साली अमेरिकेतील एका कंपनीने ट्रायपॅरॅनॉल हे औषध बाजारात आणले. शरीरातील कोलेस्टेरॉलची निर्मितीच अडविणारे हे पहिले औषध. अहवालातील आकडा त्याने खरोखरच खाली येई. पण ते निर्मितीच्या शेवटच्या पायरीवर अडसर घालीत असल्यामुळे त्या पायरीच्या अलीकडचा पदार्थ शरीरात साठत जाई. घेणाऱ्यांचे केस गळू लागले, डोळ्यांत मोतीबिंदू होऊ लागले. जनावरांवरील प्रयोगांत हे आधीच दिसले होते आणि कंपनीने त्या नोंदींत फेरफार केला होता, हे पुढे उघडकीस आले. १९६२ च्या एप्रिलमध्ये औषध मागे घेण्यात आले.

येथे लबाडी होती म्हणून हे प्रकरण सोडून देता येईल. परंतु त्यानंतरचे क्लोफायब्रेटचे प्रकरण आम्हांस अधिक बोधप्रद वाटते, कारण त्यात कोणी लबाडी केली नव्हती. हे औषध रक्तातील मेद उतरवी, घेण्यास सोपे होते, आणि साठ-सत्तरच्या दशकांत ते अनेक देशांत सर्रास दिले जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या आश्रयाने एडिंबरा, बुडापेस्ट आणि प्राग या तीन शहरांतील सुमारे पंधरा हजार पुरुषांवर त्याची चाचणी झाली. सरासरी पाच वर्षे औषध चालले. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कोलेस्टेरॉल सुमारे नऊ टक्क्यांनी उतरले होते, प्राणावर न बेतलेले हृदयविकाराचे झटके सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले होते, आणि औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू मात्र अधिक झाले होते. पाच वर्षे ज्यांचे अहवाल दर खेपेस चांगले येत होते, त्या गटात अधिक माणसे मेली. आकडा उतरला म्हणजे गुण आला असे मानणाऱ्यांना याहून कठोर उत्तर दुसरे मिळाले नसते. रोगी, डॉक्टर आणि औषध तीनही प्रामाणिक असून सगळ्यांची मिळून फसगत झाली होती.

याच काळात जपानात एक मनुष्य बुरशा तपासत बसला होता. अकिरा एंदो यांचा जन्म १९३३ सालचा, उत्तर जपानातील अकिता प्रांतातल्या एका शेतकरी कुटुंबातला. पेनिसिलिनच्या शोधाची कथा त्यांनी वाचली होती आणि बुरशीविषयीचे कुतूहल त्यांना लहानपणापासूनचे. शिक्षण संपवून ते १९५७ साली तोकियोच्या सांक्यो कंपनीत लागले, मध्ये दोन वर्षे न्यूयॉर्कला राहून आले. तेथे हृदयविकाराने पछाडलेला समृद्ध समाज त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांचा तर्क साधा होता. बुरशीला आपल्या शत्रूजंतूंशी लढावे लागते. कित्येक जंतूंना वाढीसाठी ज्या द्रव्यांची गरज असते ती कोलेस्टेरॉलच्याच निर्मितीच्या वाटेवर तयार होतात. तेव्हा ती वाट अडविणारे एखादे अस्त्र कोणत्या तरी बुरशीजवळ असलेच पाहिजे. ही वाट ज्या विकराच्या, म्हणजे एन्झाईमच्या, ताब्यात असते त्याचे नाव एचएमजी-कोए रिडक्टेज. नाव अवघड आहे, पण त्याचे स्थान नळाच्या तोटीसारखे आहे असे समजले म्हणजे पुरे.

१९७१ च्या एप्रिलमध्ये काम सुरू झाले. दोन वर्षांत सुमारे सहा हजार बुरशीजन्य नमुने एकामागून एक तपासण्यात आले. पहिला सापडलेला पदार्थ मूत्रपिंडास घातक निघाला. नंतर क्योतो येथील एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत हवा तो पदार्थ मिळाला. पावसाळ्यात तांदळाला लागणाऱ्या बुरशीने आपल्या आयांनी किती तांदूळ उन्हात टाकले असतील! त्याच जातकुळीच्या बुरशीतून १९७३ साली कॉम्पॅक्टिन निघाले. पुढे ज्यांना स्टॅटिन म्हणू लागले त्या औषधांतले हे पहिले.

आता खरी कसोटी. एंदो यांनी ते उंदरांना दिले आणि उंदरांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल जागचे हलले नाही. तोटी आवळताच उंदराचे यकृत तेच विकर कितीतरी पटींनी अधिक बनवून तूट भरून काढते, हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. कंपनीच्या दृष्टीने विषय संपला. येथे सामान्य मनुष्याने फाईल बंद केली असती. एंदो यांनी दोन वर्षे ती कशीबशी उघडी ठेवली. १९७६ साली कोंबड्यांवर प्रयोग करणारा एक सहकारी त्यांना एका मद्यगृहात सहज भेटला. अंड्यात कोलेस्टेरॉल पुष्कळ, तेव्हा अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या अंगी ते तयार करण्याचे सामर्थ्यही मोठे असणार, असा विचार करून सहकाऱ्याचा प्रयोग आटोपल्यावर उरलेल्या कोंबड्या एंदो यांनी मागून घेतल्या. महिन्याभरात त्यांचे कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे कुत्र्यांतही तोच अनुभव आला.

माणसाला हे औषध प्रथम दिले गेले ते १९७८ साली, ओसाका येथे डॉ. अकिरा यामामोतो यांच्या हातून. रोगी तरुण मुलगी होती. आईबापांकडून आलेल्या दोषामुळे तिच्या रक्तातील कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात होते. मात्रा फार मोठी होती. कोलेस्टेरॉल उतरले, पण तिच्या स्नायूंतील शक्तीही उतरली. औषध थांबवून पुन्हा कमी मात्रेने सुरू करावे लागले. त्यानंतर इतर रोग्यांना बेताची मात्रा देऊन पाहता सरासरी सुमारे तीस टक्के घट काही आठवड्यांत मिळू लागली. आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर माणसांच्या बाबतीत येथे हाती आले. आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये सांक्यो कंपनीने कॉम्पॅक्टिनचे काम बंद केले. प्रचंड मात्रेत दीर्घकाळ औषध दिलेल्या कुत्र्यांत कर्करोगासारखे काही दिसल्याचा संशय होता. एंदो तोपर्यंत कंपनी सोडून विद्यापीठात गेले होते.

ते आठवड्यांचे उत्तर तसे का आहे, हे समजण्यास त्याच दशकात अमेरिकेतील डॅलस येथे चाललेले काम पाहावे लागेल. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून जाताना ते प्रथिनांच्या वेष्टनात बसून जाते. अशा वाहनांपैकी एलडीएल हे मुख्य आणि उपद्रवी. मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७३-७४ मध्ये दाखवून दिले की पेशींच्या पृष्ठभागावर या एलडीएल कणांना पकडून आत घेणारे ग्राही असतात. यकृताला आपले कोलेस्टेरॉल आतल्या आत बनविता येईनासे झाले की ते आपल्या अंगावरील ग्राही वाढविते आणि रक्तातले एलडीएल ओढून घेऊ लागते. म्हणजे गोळी रक्तात जाऊन काही झाडून काढीत नाही. ती यकृताला टंचाईत टाकते आणि टंचाईत सापडलेले यकृत बाजारातला माल उचलते. या शोधाबद्दल दोघांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एंदो यांना ते कधीच मिळाले नाही. आमच्या मते हे त्या समितीच्या खात्यावरील येणे राहून गेले. २०२४ च्या जूनमध्ये एंदो निवर्तले.

एलडीएलचा कण रक्तात साधारण दोन-तीन दिवस राहतो. ग्राही वाढल्यावर जुने कण उचलले जाऊन नवा समतोल बसण्यास म्हणूनच थोडे दिवस लागतात. फरक पहिल्या आठवड्यातच सुरू होतो, बहुतेक घट दोन आठवड्यांत पदरात पडते, आणि चार ते सहा आठवड्यांत ती पुरी होते. त्याच मात्रेवर सहा महिने थांबून आकडा आणखी उतरेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. रक्त पुन्हा तपासावयाचे ते चार ते बारा आठवड्यांनी, असा वैद्यकीय प्रघात यातूनच पडला. काही गोळ्या रात्रीच घ्यावयास सांगतात त्याचे कारणही यकृतातच आहे. त्याची कोलेस्टेरॉल बनविण्याची घाई रात्री अधिक असते आणि या गोळ्यांचा अंमल थोड्या तासांपुरता असतो. ॲटॉर्वास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन यांसारख्या टिकाऊ गोळ्यांना वेळेचे हे बंधन नाही. उलट, गोळी बंद केली की काही आठवड्यांतच आकडा मूळ पदावर येतो.

दरम्यान अमेरिकेतील मर्क कंपनीला १९७८ मध्ये दुसऱ्या एका बुरशीत कॉम्पॅक्टिनचे सख्खे भावंड मिळाले होते. जपानातील बातमी कानी येताच त्यांनीही हात आखडला. ज्यांना दुसरा इलाजच उरला नव्हता अशा रोग्यांसाठी डॉक्टरांनी आग्रह धरला म्हणून काम पुन्हा सुरू झाले. कुत्र्यांविषयीचा संशय निराधार ठरला आणि १ सप्टेंबर १९८७ रोजी लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

तरी क्लोफायब्रेटचे भूत वैद्यांच्या मानगुटीवरून उतरले नव्हते. आकडा उतरतो हे मान्य. माणूस जगतो काय? १९८४ साली कोलेस्टिरामिन या पित्ताम्ले बांधून टाकणाऱ्या, वाळूसारख्या भुकटीच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. ३,८०६ पुरुष आणि सात वर्षांहून अधिक काळ. हृदयविकाराचे झटके व त्यापायी आलेले मृत्यू एकूण १९ टक्क्यांनी घटले, पण सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंच्या संख्येत ठाशीव फरक दिसला नाही. टीकाकार म्हणू लागले की हृदयाने मरणारा दुसऱ्या कशाने मरतो, एवढाच या औषधांचा पराक्रम.

या आक्षेपाला उत्तर आले ते उत्तर युरोपातून. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड या पाच देशांतील ९४ रुग्णालयांत ओस्लोचे डॉ. तेर्ये पेडरसन यांच्या नेतृत्वाखाली ४,४४४ रोगी निवडण्यात आले. सर्वांना पूर्वी हृदयविकाराचा झटका तरी येऊन गेलेला किंवा छातीत कळ येण्याचा विकार तरी असलेला. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी नकली गोळी; कोणाला कोणती हे ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. या चाचणीतील एक अट वाचताना आम्ही जरा थबकलो. ती किती वर्षे चालवावयाची हे ठरविताना कॅलेंडर पुढे ठेवलेले नव्हते. दोन्ही गटांत मिळून ४४० मृत्यू होईपर्यंत ती चालवावयाची होती. इतके मृत्यू झाल्याखेरीज फरक खरा की योगायोगाचा हे सांगता येणार नाही, असा गणिताचा निर्णय होता.

सहा आठवड्यांतच सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे एलडीएल एक तृतीयांशाहून अधिक उतरले होते. ‘गोळी लागू पडली’ असे म्हणून सभा विसर्जित करण्याचा मोह कोणासही पडला असता. पण मृत्यूंचा आलेख पाहावा तर पहिले वर्षभर दोन्ही गटांच्या रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटून चालतात. नंतर त्या हळूहळू विलग होतात, आणि अंतर दरसाल वाढत जाते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये, पाच वर्षांहून थोड्या अधिक काळानंतर, मोजणी थांबली. नकली गोळी घेणाऱ्यांत २५६ मृत्यू, खरी गोळी घेणाऱ्यांत १८२. एकूण ४३८. मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला होता, आणि वाचलेली माणसे दुसऱ्या कोणत्या कारणाने मेली नव्हती. त्या नोव्हेंबरात निष्कर्ष जाहीर झाले आणि वाद मुख्यतः मिटला.

सहा आठवडे आणि एक-दोन वर्षे यांत हे अंतर का, हेही आता बरेचसे कळले आहे. रक्त दोन आठवड्यांत बदलते, पण रोहिणीच्या भिंतीतील थर बसण्यास वीस-तीस वर्षे गेलेली असतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोसुव्हास्टॅटिनची मोठी मात्रा दोन वर्षे देऊन हृदयाच्या रोहिण्या आतून ध्वनिलहरींनी तपासण्यात आल्या. एलडीएल निम्म्याहून खाली आले होते. थराचे भिंतीतील प्रमाण मात्र सरासरी एक टक्क्याहूनही कमी घटले होते. तेव्हा थर विरघळून वाट मोकळी होते ही लोकांची समजूत फारशी खरी नाही. थराचे कवच घट्ट होते, आतील मऊ मेद व दाह कमी होतो, आणि तो अवचित फुटून रक्त गोठण्याचा प्रसंग टळतो. ज्यांना नुकताच झटका आला आहे त्यांच्यात हा लाभ थोड्या महिन्यांतच दिसतो, असे २००१ व २००४ मधील चाचण्यांनी दाखविले. ज्यांचे थर अजून शांत आहेत त्यांना मात्र थांबावे लागते. निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून पाहता पहिल्या वर्षी मिळणारा लाभ पुढील प्रत्येक वर्षाच्या लाभाच्या सुमारे निम्माच भरतो. २०२१ साली अमेरिकेत एक गणित मांडण्यात आले. पन्नास ते पंचाहत्तर वयाच्या, आधी हृदयविकार नसलेल्या शंभर माणसांना स्टॅटिन दिले, तर त्यांतील एकावरचा मोठा प्रसंग टळण्यास सरासरी अडीच वर्षे लागतात.

अडीच वर्षे हा आकडा आमच्या वाचकांच्या चटकन ध्यानात राहील. बदलीच्या नोकरीत एका ठिकाणचा मुक्काम साधारण तेवढाच असतो. एका गावच्या डॉक्टरने सुरू केलेल्या गोळीचे फळ पुढच्या गावी, कदाचित पुढच्या प्रांतात पदरात पडावयाचे. नव्या गावी नवा डॉक्टर, नवी प्रयोगशाळा, आणि हातात चांगला आलेला अहवाल. ‘आता सगळे ठीक आहे, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न घरातही उठतो आणि शेजारीही उठवितात. अहवाल चांगला आहे तो गोळी चालू आहे म्हणून, हे त्या कागदावर कोठेच लिहिलेले नसते. सामानाची बांधाबांध, मुलांच्या शाळा, घराचा शोध यांत महिना-दोन महिने गोळी चुकते. काही होत नाही. मग ती चुकलेलीच राहते. पहिले उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याची वाट पाहणे सोडून देणारी अशी माणसे प्रत्येक कार्यालयात दिसतात. ५२ देशांतील रोग्यांच्या एका मोठ्या अभ्यासात आपल्या उपखंडातील लोकांना पहिला झटका ५३ व्या वर्षाच्या सुमारास येतो असे दिसले. इतरत्र ते वय ५९ च्या जवळ होते. केंद्र सरकारच्या नोकराच्या बाबतीत याचा अर्थ निवृत्तीच्या सात वर्षे आधी, मुलांची शिक्षणे पुरी होण्याच्या ऐन वेळी.

गोळी सोडण्याचे दुसरे कारण म्हणजे अंगदुखी. ते केवळ मनाचे खेळ आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. सेरिव्हास्टॅटिन हे याच कुळातील औषध २००१ च्या ऑगस्टमध्ये मागे घ्यावे लागले ते स्नायू नासून झालेल्या मृत्यूंमुळेच, आणि ओसाकाच्या त्या मुलीचा अनुभव वर आलाच आहे. तथापि २०२० साली इंग्लंडमध्ये एक मार्मिक प्रयोग झाला. दुखण्यामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या देण्यात आल्या. चारांत खरी गोळी, चारांत नकली, चार रिकाम्या. दुखण्याची रोज नोंद ठेवण्यात आली. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग नकली गोळीच्या महिन्यांतही झाला होता. आपापल्या नोंदी दाखविल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. ज्या औषधाचा गुण अंगाला कळत नाही, त्याचा दोष मात्र अंगाला आधी कळल्यासारखा वाटतो.

राहता राहिली स्कॉटलंडची हकीकत. त्या देशाच्या पश्चिम भागातील ४५ ते ६४ वयाच्या ६,५९५ पुरुषांवर प्रव्हास्टॅटिनची चाचणी झाली आणि १९९५ मध्ये संपली. यांपैकी कोणालाही पूर्वी झटका आलेला नव्हता. पाच वर्षांत झटके व हृदयविकाराचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुढे प्रत्येकजण आपल्या वाटेने गेला. गोळी कोणी चालू ठेवली, कोणी सोडली, कोणी नव्याने धरली, आणि हे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. परंतु स्कॉटलंडच्या सरकारी दप्तरांत मृत्यूंची व रुग्णालयांतील प्रवेशांची नोंद कारकून मंडळी नित्याप्रमाणे करीतच राहिली. कोणत्या नोंदीचा कोणास पुढे काय उपयोग व्हावयाचा आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या नोंदी जुन्या चाचणीच्या यादीशी ताडून पाहून वीस वर्षांचा हिशेब २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी १९९५ पूर्वी पाच वर्षे खरी गोळी घेतली होती, त्यांच्यात हृदयविकाराने झालेले मृत्यू वीस वर्षांच्या अखेरीसही २७ टक्क्यांनी कमी होते, आणि सर्व कारणांनी झालेले मृत्यू १३ टक्क्यांनी.